बिननावाची चिठ्ठी

तुळसाक्का कुणाच्या घरी गेली की 'कसं हाय?' असं विचारत नसे. दारात चप्पल काढतानाच ती विचारायची, "लघवी झाली काय?" समोर म्हातारा असो, बाळंतीण असो, नाहीतर शाळेचा मास्तर असो. नवीन आलेले एक कानडी मास्तर हा प्रश्न ऐकून घरात पळाले होते. मी तिला एकदा म्हटलं, "अगं, जरा रीत हाय का न्हाई?" ती म्हणाली, "वैनी, बरं हाय म्हणायला काय लागतंय? मरणारा पण बरं हाय म्हणतोय."

गुंदात, म्हणजे गोव्याच्या घाटावरच्या आमच्या गावात, तिचं घर माझ्या घरापासून दोन घरं सोडून होतं. मी रामनगरकडची, लग्न होऊन इकडं आले. माझी शाळा चौथीपर्यंतची. ती मराठी सातवी शिकली होती आणि कानडी अक्षरं एसटीच्या पाट्या बघून बघून शिकली होती. नवरा गोव्याला कामाला गेला आणि तिकडंच राहिला. ती त्याबद्दल बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. शाळेत बिसीऊट, म्हणजे पोरांचं दुपारचं गरम जेवण, शिजवायची नोकरी तिला होती. पण लोक तिला त्या नोकरीसाठी ओळखत नव्हते. ती पेशंटबरोबर जाणारी बाई होती.

आमच्या भागात कुणी आजारी पडलं की पहिला प्रश्न औषधाचा नसतो, भाषेचा असतो. कारवारला गेलं तर कानडी लागते. बेळगावात मराठी चालते, पण आतला कागद कानडीत असतो. घाट उतरून गोव्यात गेलं तर कोकणी. तुळसाक्काला तिन्ही येत होत्या आणि तिन्हींत तिला भांडता येत होतं. डॉक्टर भेटत नसला की ती त्याच्या दारात, बरोबर उंबऱ्यापुढं, फतकल मारून बसायची. म्हणायची, "बाकावर बसलेल्या बाईला डॉक्टर विसरतोय. दारात बसलेल्या बाईला ओलांडून जाताना त्याला धोतर नसलं तरी सावरावं लागतंय."

ती मायाळू नव्हती. पेशंटची तंबाखू काढून नाल्यात टाकायची. रडणाऱ्या बायकोला म्हणायची, "तू भाईर जा, मला ऐकू येईना." मला ती फार आवडायची असं नाही. सारखं आजारपणाचं ऐकून माझे कान किटायचे. पण माझ्या नवऱ्याच्या शेवटच्या दुखण्यात पण तीच बरोबर होती, आणि त्या वेळी दुसरं कुणी आलं नाही, हेही खरं.

देमूची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. देमू आतल्या रानातल्या दिग्गी गावचा. मध काढायला चढला होता, झाडावरून पडला. पायाचं हाड बाहेर आलं. दिग्गीतून माणूस आणायचा म्हणजे बांबूला कांबळं बांधून झोळी करायची आणि जीप येते तिथपर्यंत चालायचं. तुळसाक्काला कुणीतरी निरोप दिला, ती वाटेत भेटली. सगळ्यात जवळचा मोठा दवाखाना घाटाखाली, गोव्यात. म्हणून तिकडं नेलं. दवाखान्याचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. खिडकीवरच्या माणसानं फुकट उपचाराचं सरकारी कार्ड बघितलं आणि म्हणाला, हे कर्नाटकाचं, इथं चालत नाही, वरच्या साहेबांची सही आणा. साहेब जेवायला गेले होते. मग मीटिंगला गेले. तुळसाक्का एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पळत होती आणि देमू फरशीवर झोळीतच होता.

संध्याकाळी सही मिळाली. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. तरुण डॉक्टर बिचारा म्हणाला, "सकाळी आणलं असतं तर बघितलं असतं."

तुळसाक्का म्हणाली, "सकाळीच आणलाय की. खिडकीत होता."

हे तिनं मला सांगितलं ते भांडी घासता घासता. रडली नाही. तवा मात्र इतका घासला की मी हातातून काढून घेतला.

त्यानंतर धारवाडला एका पेशंटबरोबर गेली असताना तिला काही डॉक्टर मंडळी भेटली. देशभर एकच आरोग्याचा कायदा व्हावा म्हणून ती मंडळी सरकारच्या मागं लागली होती. दारात आलेल्या माणसाला आधी हात लावायचा, मग कागद विचारायचा. कुठल्याही राज्याचा माणूस असो, कुठल्याही राज्यातला दवाखाना असो. त्यांनी सांगितलं, आपापल्या खासदाराला गाठा, तो दिल्लीत हात वर करेल असं त्याच्याकडून वदवून घ्या. तुळसाक्कानं हे अगदी मनावर घेतलं. मी म्हटलं, "बेंगळूरच्या आमदाराला सांग की. जवळचा हाय." ती म्हणाली, "बेंगळूरचा कायदा घाट उतरत न्हाई, वैनी. दिल्लीचा उतरतोय."

त्याच सुमारास तिचे पाय सुजायला लागले. दुसऱ्यांची लघवी विचारत गावभर फिरली आणि स्वतःची बघितली नाही. दोन्ही मूत्रपिंडं निकामी व्हायला आली होती. आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं ठरलं. जवळच्या मशिनींवर जागा नव्हती, नाव यादीत घातलं होतं. घाटाखाली मशीन होती, एका बसचा रस्ता. पण परत तेच कार्ड. म्हणून ती दोन बस बदलून बेळगावला जायची, चार तास मशीनला बसायची आणि दोन बस बदलून परत यायची. आल्यावर तिच्या तोंडावर मातीचा रंग असायचा. तरी दुसऱ्या दिवशी कुणाकडं तरी जाऊन चौकशी करायचीच.

अशा अवस्थेत तिनं खासदाराला अर्ज लिहिला. कानडीत, स्वतःच्या हातानं. मास्तरांना दाखव म्हटलं तर म्हणाली, "मास्तर त्यात आपलं घालतोय." दिग्गी, बाजारकुणंग, गुंद, सगळीकडं जाऊन सह्या आणि अंगठे घेतले. दिग्गीला जीपनं गेली, तरी शेवटचं चालावं लागलंच. लोक सहसा कागदावर अंगठा देत नाहीत. पण देमू कुबडी घेऊन तिच्याबरोबर घराघरांत गेला, म्हणून दिले. मी पण सही केली.

उत्तर आलं. सरकारी लिफाफा. तिनं शाळेत नेऊन मास्तरांकडून वाचून घेतला. मीही होते. मास्तर वाचता वाचता हसायला लागले आणि मध्येच थांबले. उत्तरात लिहिलं होतं, पक्ष्यांच्या रक्षणाबद्दल तुमची कळकळ पाहून आनंद झाला. तुमचा अर्ज सर्व सह्या आणि अंगठ्यांसह पुढील कारवाईसाठी जंगलखात्याकडे पाठवला आहे.

मराठीत आपण हक्क म्हणतो. कानडीत त्याला शेवटी उकार लागतो, हक्कु. तुळसाक्कानं उकाराच्या जागी वेलांटी दिली होती. हक्की. कानडीत हक्की म्हणजे पाखरू. आरोग्याच्या पाखराचं रक्षण करा, असा तो अर्ज झाला होता, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. आमच्याकडं मोठ्या चोचीची पाखरं बघायला लांबून लोक येतात, त्यामुळं खासदाराच्या माणसांना त्यात वावगं वाटलं नसावं.

मी हसले. तुळसाक्का हसली नाही. "अंगठ्यांसह?" तिनं मास्तरांना विचारलं. "परत वाचा."

तिला काय दिसलं ते मला उशिरा कळलं. आमचं रान वाघासाठी राखलेलं. कोण गाव सोडून जायला तयार आहे, कोण नाही, अशी कुजबुज तिथं नेहमी चालते. खरं काय, खोटं काय कुणाला माहीत. पण दिग्गीच्या माणसाचा अंगठा असलेला कागद जंगलखात्यात जाणं म्हणजे तो गाव सोडायला तयार आहे असं कुणीही म्हणायला मोकळं. आणि झालंही तसंच. एक गार्ड दिग्गीला गेला आणि घराघरांत विचारू लागला, कुठली पाखरं, कुठं दिसली, हा अंगठा तुझाच ना?

दोन दिवसांनी दिग्गीची जीप तिच्या अंगणात आली. सहा-सात माणसं उतरली. शेवटी देमू उतरला, कुबडी आधी खाली टाकून.

"तुळसाक्का, आमचे आंगठे खंय गेले?"

"जंगलखात्याकडं."

"कोणी धाडले?"

"मीच. चुकून."

"चुकून!" एक म्हातारा ओरडला. "घर गेलं तर ते पण चुकूनच जाईल न्हवं?"

देमू ओरडला नाही. ते जास्त वाईट होतं. तो म्हणाला, "पाय गेलो तेव्हा तू माझ्याबरोबर होतीस. म्हणून आंगठो दिलो, दुसऱ्यांचो पण देवविलो. आता घर गेलं तर मी कोणाबरोबर जाऊ?"

मला वाटलं ही आता त्यांच्यावरच उखडेल. तिनं काडी घेतली आणि अंगणातल्या धुळीत दोन अक्षरं काढली, एक उकाराचं, एक वेलांटीचं. म्हणाली, "हे लिहायचं होतं. हे लिहिलं. एवढंच झालंय."

देमू वाकून बघत राहिला. "दोन्ही सारकीच दिसतात."

"व्हय. मला पण तशीच दिसली."

तिनं काडी टाकली. मग ती म्हणाली, "कागद परत आणते. न्हाई आणला तर ह्या घरात राहायला या."

तिनं तो आणला. पंधरा दिवस लागले. मधले मशीनचे दिवस सोडून ती रोज जंगलखात्याच्या हापिसात जाऊन दारात बसली. शेवटी तिथल्या साहेबानं कागद दिला. म्हणाला, "घ्या बाई, आमच्याकडं पाखरं पुष्कळ आहेत." तिनं घरी येऊन प्रत्येक वेलांटी खोडली आणि उकार दिला. या वेळी मास्तरांना दाखवलं. देमूनं बजावलं, "हा कागद आता टपालात घालायचा न्हाई. खासदाराच्या हातात द्यायचा. आणि मी बघणार."

खासदार जोयड्याला, आमच्या तालुक्याच्या गावी, येणार असं कळलं. आयबीत, म्हणजे सरकारी बंगल्यात, लोकांना भेटणार. सकाळी अकराची वेळ. तो तिचा मशीनचा दिवस होता.

मी म्हटलं, "पुढच्या बारीला जा."

"पुढच्या बारीला ते दिल्लीत असतील. तिथं हात वर झाल्यावर भेटून काय करू?"

"आणि आज मशीन चुकवलीस तर?"

"उद्या बसते. एका दिसानं कोण मरतंय?"

एका दिवसानं माणूस मरतो, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी, ती आणि देमू, तिघं गेलो.

अकराचे बारा झाले, एक झाला. आयबीच्या व्हरांड्यात माणसं दाटली होती. ज्याच्या त्याच्या हातात अर्ज. कुणाला बदली हवी होती, कुणाला रस्ता, कुणाला पोराला नोकरी. तुळसाक्काला पाणी बेतानं प्यायचं असे, दिवसाला मोजके घोट. ती ओठ ओले करायची आणि बाटली माझ्याकडं द्यायची. दोन वाजता तिचा चेहरा सुजलेला दिसायला लागला. मी तिच्या पायावर बोट दाबलं. खड्डा पडला तो तसाच राहिला.

"ऊठ," मी म्हटलं. "अजून बस मिळंल. बेळगावला जाऊया."

"बस खाली."

"तुला दम लागलाय."

"बोलल्यानं लागतोय. तू बोलवू नकोस."

देमू माझ्याकडं बघत होता. त्याला पण आता तो कागद नको झाला होता, हे मला दिसलं. तो म्हणाला, "अक्का, मी देतो कागद. तू जा."

"तुला कानडी येतंय?"

त्यानं कुबडी परत भिंतीला टेकवली.

साडेतीनला मोटारी आल्या. गर्दी उठली. तुळसाक्काला उभं राहता येईना, म्हणून ती सरकत सरकत जाऊन आतल्या खोलीच्या दारात बसली. खासदाराचा सेक्रेटरी म्हणाला, "अर्ज ठेवा बाई, साहेब बघतील."

"ठेवला की पाखरू होतंय. हातात देणार."

आत खासदार खुर्चीत बसले होते. त्यांनी ते ऐकलं आणि हसले. "त्या हक्कीवाल्या अक्का तुम्हीच काय? या, आत या."

पुढचं बोलणं कानडीतच झालं. मला समजलं तसं लिहिते. त्यांनी अर्ज घेतला, चष्मा लावून खरंच वाचला. तुळसाक्का म्हणाली, "पाखराला कायदा हाय. वाघाला हाय. आमच्या रानात ज्याला त्याला कायदा हाय साहेब, आजारी माणसाला तेवढा न्हाई. हा देमू. हा दिवसभर खिडकीत पडला होता, कार्ड दुसऱ्या राज्याचं म्हणून. दिल्लीत तो कायदा आला तर तुम्ही हात वर करणार काय?"

"विचार फार चांगला आहे, अक्का. नोडोणा."

नोडोणा म्हणजे बघूया. आमच्याकडं हा शब्द मिळाला की लोक नमस्कार करून घरी जातात. तुळसाक्का हलली नाही.

"कवा बघायचं?"

"दिल्लीच्या गोष्टी अशा पटकन होत नाहीत." मग त्यांची नजर तिच्या पायांकडं गेली. माणूस वाईट नव्हता. "तुम्हाला काय झालंय?"

ती बोलायच्या आत देमूच बोलला. "तिची आज मशीन होती. तुमच्यासाठी चुकवली. बेळगावला जाते, दोन बस करून. घाटाखाली जवळ आहे, पण कार्ड चालत न्हाई."

खासदारांनी सेक्रेटरीला हाक मारली. त्यानं खासदारांच्या नावाच्या कागदावर चार ओळी लिहिल्या, त्यांनी सही केली, शिक्का मारला. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. "हे घ्या. उद्या खाली जा. कुणी कार्ड विचारणार नाही. माझी ओळख आहे तिथं."

मी मनात म्हटलं, सुटली. दोन बस सुटल्या, मातीचं तोंड सुटलं. आता ऊठ.

तुळसाक्कानं चिठ्ठी वाचली. कानडी असल्यामुळं तिला वेळ लागला. मग तिनं ती परत पुढं केली.

"हितं माझं नाव हाय. ते काढा."

"मग कुणाचं घालू?"

"कुणाचंच नको. जागा रिकामी ठेवा."

सेक्रेटरी हसला. खासदार म्हणाले, "बिननावाची चिठ्ठी कशी देता येईल, अक्का? ती कुणीही घेऊन जाईल."

"तेच म्हणते. कुणीबी घेऊन जाऊ दे."

"असं होत नसतं."

"होतंय की. त्यालाच कायदा म्हणत्यात."

 तिच्या श्वासाची घरघर खोलीभर ऐकू येत होती. बाहेरची माणसं दारातून वाकून बघत होती. खासदारांनी हातानं खूण केली तसं सेक्रेटरीनं दार लोटलं.

"हौदु काय इल्ला?" ती म्हणाली. व्हय की न्हाई. "एकच सांगा. हात वर करणार?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग कानडी सोडून हळू आवाजात आमच्या बोलीत म्हणाले, "पक्ष सांगेल तसं मला करावं लागतं. आज विचारशील तर न्हाई, अक्का."

मला वाटलं ती कोसळेल नाहीतर शिव्या देईल. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलं. इतक्या वर्षांत कुणी न्हाई असं पण म्हटलं न्हाई."

देमूनं एका हातानं कुबडी आणि दुसऱ्या हातानं तिला धरलं. दोघं तसेच दारातून गेले. चिठ्ठी टेबलावर पडली होती. ती मी उचलली. मी तिच्यासारखी नाही. मला उद्याची काळजी होती.

दुसरा दिवस तसाच उगवला. सकाळी तिला आडवं होता येईना, बसून श्वास घेत होती. डोळे उघडे, पण बघत नव्हती. बेळगाव गाठणं शक्य नव्हतं. जीप केली, देमू होताच, घाटाखाली गेलो. खिडकीत मी ती चिठ्ठी ठेवली. खिडकीवरच्या माणसानं वरचं नाव वाचलं, तो उठून उभा राहिला आणि दार उघडलं. देमू त्या दाराकडं बघत होता. 

तिसऱ्या दिवशी ती शुद्धीवर नीट आली. विचारलं, "कुणाच्या कागदावर?"

"तुझ्याच नावाच्या."

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. घरी आल्यावर पाचव्या दिवशी म्हणाली, "वैनी, चिठ्ठी आण." मला वाटलं फाडणार. ती घेऊन रामनगरला गेली, झेरॉक्सच्या दुकानात. तिच्या नावावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली आणि झेरॉक्स काढल्या. सही, शिक्का सगळं जागच्या जागी, नावाची जागा कोरी. गठ्ठा घेऊन आली आणि दिग्गीला, बाजारकुणंगला वाटल्या. ज्याला लागेल त्यानं आपलं नाव घालायचं.

मी म्हटलं, "हे खोटं हाय. पोलीस येतील."

"येऊ दे. चहा कर त्यांना."

मी आजही म्हणते की ते चुकलंच. सही दुसऱ्याची होती. पण बाजारकुणंगची एक बाळंतीण त्या कागदावर आत गेली. देमूच्या पायाची जखम चिघळली होती, तोही गेला. तिसऱ्याच्या वेळी खिडकीवरच्या माणसाच्या ध्यानात आलं की तारीख तीच आणि शाईपण झेरॉक्सची.

फोन आला तेव्हा आम्ही दोघी वरच्या वळणावर बसची वाट बघत होतो. खासदार स्वतः होते. तिनं फोनचा आवाज मोठा केला.

"अक्का, तुम्ही माझ्या सहीचा गैरवापर केलाय. केस होऊ शकते."

"करा. जज्ज विचारतील, नाव का पुसलंस. मी सांगते."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "ती चिठ्ठी मी रद्द करायला सांगितली आहे. तुमची पण."

"कळलं."

"हे थांबवायला तुम्हाला काय पाहिजे?"

"हौदु म्हणा."

 रेंज गेली असं मला वाटलं. मग आवाज आला, "नोडोणा, अक्का." आणि फोन ठेवला.

तुळसाक्का हसली. तिला मोकळं हसताना मी क्वचित बघितलं. "वैनी, ऐकलंस? न्हाईवरनं नोडोणावर आला."

त्यानंतर ती परत बेळगावच्या दोन बसवर गेली. यादीतलं नाव पुढं सरकलं नाही. उरलेल्या झेरॉक्स तिनं माझ्यासमोर चुलीत घातल्या. रागानं नाही. त्या आता चालत नव्हत्या म्हणून. खासदारांना मात्र तिनं सोडलं नाही. गुंदात फोनला रेंज नसल्यासारखीच, वरच्या वळणावर मिळते. बेळगावला जाताना ती तिथं गाडी थांबवून त्यांच्या हापिसात फोन लावायची. कधी सेक्रेटरी उचलायचा, कधी कुणीच नाही.

तिचं काय झालं ते लोकांना माहीत आहे, मी वाढवून सांगत नाही. मशीनवरच गेली, बेळगावात. तो कायदा अजून आलेला नाही. आला तर आमचा खासदार काय करणार, हे मला सांगता येत नाही.

ती वारली त्या दिवशी सकाळी बस चुकली म्हणून देमूनं जीप आणली होती. ती पुढं बसली. मी दारात उभी होते, तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, पिशवीत काहीतरी शोधत होती. जीप चढ चढून वळणावर गेली आणि थांबली. तिचा हात खिडकीतून बाहेर आला, फोन धरलेला, रेंजसाठी वर केलेला. मग आत गेला. कुणीतरी उचललं असावं. इंजिन बंद होतं, म्हणून तिचा आवाज खालपर्यंत आला.

"ते मागचं राहू दे साहेब. व्हय काय न्हाई, तेवढं बोला."

पलीकडून काय आलं ते मला ऐकू येण्यासारखं नव्हतं. ती ऐकत होती. मग जीप सुरू झाली आणि वळणाआड गेली.